वाचकांचे प्रश्न : इजिप्तच्या खुफू राजाच्या काळात उतरलेलं कालयान

प्रश्न : अर्ध्या तासाची विज्ञानश्रुतिका लिहिली आहे. महापिरॅमिडचं काम चालू असताना कालयान बिघडून तिघं जण गिझाच्या पठारावर अडकतात. घोड्यांच्या टापा, उंट आणि नाण्यांची थैली हे आवाज हाताशी आहेत. वापरू का?

उत्तर : तिन्ही काढून टाका. हे काम इ.स.पू. २५६० च्या आसपासचं. घोडे आणि रथ इजिप्तमध्ये आले ते त्यानंतर जवळपास हजार वर्षांनी, आणि ओझ्याचे उंट तर त्याहून उशिरा. नाणी नव्हतीच, मजुरी पाव आणि बिअरच्या रूपात मिळायची. ओझ्याला गाढवं होती, ती भरपूर ओरडू द्या. संवादातला 'फॅरो' हा शब्दही गाळा. राजाला उद्देशून तो बराच नंतर रुळला. 'महाराज' पुरेसं आहे.

छिन्नीचा खणखणाट ही नेहमीची चूक. तिथे हत्यारं तांब्याची होती, म्हणून चुनखडीवर बोदा आवाज हवा. ग्रॅनाइट फोडायला डोलेराइट या कठीण खडकाचे गोटे वापरत, तेव्हा तिथे दगडावर दगडच आपटा.

शिळा ओढणाऱ्या घसरगाडीच्या आवाजासाठी पसरट ट्रेमध्ये पाचेक सेंटिमीटर वाळूचा थर द्या, ती ओलसर करा आणि पाच किलो वजन ठेवलेली फळी तिच्यावरून ओढा. ध्वनिमुद्रण निम्म्या वेगानं वाजवलं की आवाज एक सप्तक खाली येतो आणि फळीचा शिलाखंड होतो. वाळू कोरडी ठेवू नका. जेहुतिहोतेप या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यातल्या चित्रात घसरगाडीपुढे पाणी ओतणारा माणूस आहे, आणि २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या प्रयोगात योग्य प्रमाणात भिजवलेल्या वाळूवर ओढायला साधारण निम्मंच बळ लागलं. म्हणजे पाणी ओतल्याचा आवाजही तुम्हाला आयता मिळाला.

प्रश्न : पिरॅमिडच्या आतल्या राजकक्षातला प्रसंग जिन्यात उभं राहून मुद्रित केला. घुमतो छान, पण शब्द कळत नाहीत.

उत्तर : मुद्रणातच शिरलेला घुमारा नंतर नीट काढता येत नाही. संवाद जाड पडदे, गाद्या असलेल्या खोलीत, माइकपासून वीतभर अंतरावर पुन्हा घ्या आणि रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, वेगळ्या ट्रॅकवर द्या. कक्ष सुमारे १०.५ मीटर लांब, ५.२ रुंद, ५.८ उंच, सगळा ग्रॅनाइटचा. पाच मीटरवरच्या भिंतीवरून आवाज परतायला २९ मिलिसेकंद लागतात, म्हणून प्री-डिले, म्हणजे मूळ आवाज आणि घुमारा यांमधलं अंतर, २० ते ३० मिलिसेकंद ठेवा. घुमारा दोन-अडीच सेकंद चालेल, पण बोलताना दीडवर आणा. रिव्हर्बमधला २०० हर्ट्झखालचा भाग कापा, नाहीतर पुरुषी आवाज गढूळ होतात.

खरी गंमत कक्षाकडे जाणाऱ्या वाटेत आहे. चढता मार्ग जेमतेम सव्वा मीटर उंच, तिथे पात्रं वाकून चालतात : नुसते श्वास आणि कपड्यांची घासाघास, तेही अगदी कानाशी. मग एकदम साडेआठ मीटर उंच महादालन. या क्षणी संवाद नको. कुणाच्या तरी हातून काहीतरी पडू द्या, उंची श्रोत्याला आपोआप कळेल.

मात्र तुमच्या कथेत पिरॅमिड अर्धवट आहे. कक्षावरच्या नऊ ग्रॅनाइट शिळा बसल्या नसतील तर वर आकाश आहे आणि घुमारा बराच कमी हवा. शिळा बसण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन प्रसंग लिहिलेत तर न सांगता काळ सरकेल.

प्रश्न : कालयानाची गुणगुण लोकांना मुद्रणातला दोष वाटते.

उत्तर : ती ५० हर्ट्झच्या आसपास असेल. ती विजेच्या गळतीसारखीच वाटते, शिवाय फोनच्या स्पीकरवर नीट उमटतही नाही. ३०० ते ६०० हर्ट्झमधला, जराही न हलणारा एकच स्वर घ्या. त्या जगात सगळे आवाज आपटण्याचे, ओढण्याचे किंवा फुंकण्याचे. त्यांत चढउतार असतोच. न थरथरणारा स्वर तिथे आपसूक परका ठरतो. संवादाखाली तो १५ डेसिबलनं उतरवा.

प्रश्न : इजिप्शियन पात्रं मराठी बोलली तर हसं होईल?

उत्तर : नाही. त्यांच्या लिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे अस्सल उच्चाराचा हट्ट फसवाच. पहिली दोन वाक्यं अस्पष्ट, लांबून ऐकवा, भाषांतरयंत्राचा छोटा टिक् वाजवा आणि तिथून सरळ मराठी. फक्त हे भाषांतरयंत्र बिघडल्यावर त्यांचं बोलणं पुन्हा अस्पष्ट करायला विसरू नका.