आंतरराष्ट्रीय शाळेच्या चौथीच्या वर्गात आठवडाभर नेमकं काय चालतं?

तुम्ही विचारलंय की मुलीला जळगावातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत चौथीला घालायचा विचार आहे, पण तिथे पुस्तकं कमी आणि उपक्रमच जास्त असतात असं ऐकलंय. मग आठवडाभरात मुलं खरंच काही शिकतात का?

शिकतात, पण एका अटीवर. सोमवारी मुलांनी विचारलेला प्रश्न शुक्रवारपर्यंत मोजमापाने आणि लिखाणाने पुढे सरकलेला दिसला पाहिजे. माझ्या मते शाळा पारखायची हीच कसोटी आहे, म्हणून खाली एक आठवडा उलगडून सांगतो.

आधी एक गोष्ट तपासा. नावात 'इंटरनॅशनल' असलेल्या अनेक शाळा सीबीएसईच्या असतात. त्यात वाईट काही नाही, पण मग तिथला आठवडा मी सांगतोय तसा नसेल. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) आणि केंब्रिज या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम चालवणाऱ्या दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर शाळांची यादी आहे, तिथे शाळेचं नाव शोधा. आयबीच्या बाबतीत 'मान्यताप्राप्त' आणि 'उमेदवार' हे दोन वेगळे दर्जे आहेत. उमेदवार शाळेला अजून मान्यता मिळालेली नसते.

आयबीचा प्राथमिक कार्यक्रम, म्हणजे पीवायपी, 1997 पासून सुरू आहे आणि तो 3 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात सहा सूत्रं, म्हणजे व्यापक विषय, ठरलेली आहेत. चौथीच्या वयाला वर्षभरात प्रत्येक सूत्रावर एक अशी सहा युनिट होतात, आणि एक युनिट साधारण पाच-सहा आठवडे चालतं. केंब्रिजमध्ये इंग्रजी, गणित, विज्ञान हे विषय वेगवेगळे राहतात आणि प्रत्येकाची उद्दिष्टं टप्प्याटप्प्याने लिहून दिलेली असतात. म्हणून तिथे आठवडा आपल्या ओळखीच्या टाइमटेबलसारखा जास्त दिसतो. खालचा आठवडा पीवायपीच्या धर्तीचा आहे. सूत्र 'आपण आपली व्यवस्था कशी लावतो', आणि विषय जळगाव जिल्ह्यात सहज हाताशी येणारा: केळी बागेतून गिऱ्हाइकापर्यंत कशी पोचते. वर्ग 24 मुलांचा, चौघांचे सहा गट.

सोमवार सगळ्यात महत्त्वाचा, कारण आठवड्याचा प्रयोग त्याच दिवशी लागतो. बुधवारी लावला तर मध्येच शनिवार-रविवार येतो आणि नोंदी तुटतात. कच्च्या केळीच्या फण्या टेबलावर ठेवायच्या आणि सात-आठ मिनिटं मुलांनी फक्त पाहायचं, हात लावायचा, वास घ्यायचा, बोलायचं नाही. मग प्रत्येकाने दोन चिठ्ठ्यांवर दोन प्रश्न लिहायचे. या चिठ्ठ्या तीन ढिगांत लावायच्या: पुस्तकात सापडणारे, कुणाला तरी विचारावे लागणारे आणि स्वतः करून पाहता येणारे. तिसरा ढीग नेहमीच लहान असतो. बहुतेक मुलं 'केळी कुठून आली' अशा प्रश्नावर थांबतात. इथे शिक्षकाने घाई केली आणि स्वतःचाच प्रश्न फळ्यावर लिहिला, की पुढचे चार दिवस मुलं फक्त सांगितलेलं काम करतात.

प्रयोगासाठी एकाच फणीतली बारा केळी घ्यायची. घडातल्या वरच्या फण्या खालच्यांपेक्षा आधी तयार होतात, त्यामुळे वेगवेगळ्या फण्यांतली केळी घेतली तर तुलना फसते. तीन केळी उघड्यावर, तीन खाकी पाकिटात, तीन पाकिटात पण सोबत एक पिवळंधमक पिकलेलं केळं, आणि तीन फ्रिजमध्ये. तीन-तीन का, तर एखादं फळ आतून दबलेलं निघालं तरी बाकी दोन खरं सांगतात. पिकलेलं केळं इथिलीन वायू सोडतं आणि त्याने शेजारची कच्ची फळं लवकर पिकतात. म्हणूनच पिकलेलं केळं असलेलं पाकीट बाकीच्यांपासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावं. प्लास्टिकची बंद पिशवी वापरू नये, आत पाणी सुटतं आणि बुरशी धरते. पाकिटं बंद करण्याआधी प्रत्येक मुलाने वहीत लिहायचं: 'माझा अंदाज आणि त्याचं कारण.' कारण नसलेला अंदाज मान्य करायचा नाही.

हा प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा खरेदीत. हातगाडीवरची किंवा दुकानातली केळी सहसा पिकवणी केंद्रातून आलेली असतात. त्यांना इथिलीन आधीच मिळालेलं असतं, म्हणून उघड्यावरची आणि पाकिटातली दोन्ही बरोबरच पिकतात आणि मुलं 'काही फरक पडत नाही' असं चुकीचं शिकतात. केळी थेट बागेतूनच आणावी. तीही फार कोवळी नको. फळाच्या कडा धारदार असतील तर ते पिकण्याऐवजी सुकत जातं, कडा भरून गोलाईला आलेल्या हव्यात. दुसरी अडचण आपल्या हवेची. एप्रिल-मेच्या उन्हात, खोली तिशीच्या वर गेली की गर मऊ होतो पण साल हिरवीच राहते. रंग पाहून नोंद करणारी मुलं तेव्हा गोंधळतात. हे युनिट पावसाळा संपल्यावर किंवा फेब्रुवारीत घेतलेलं बरं.

मंगळवारचं गणित प्रयोगातून उरलेल्या केळ्यांवर. आधी ग्रॅममध्ये वजन, मग सोलून साल वेगळी आणि गर वेगळा. बेरीज मूळ वजनाशी जुळते का ते पाहायचं. दोन-चार ग्रॅम कमी भरतात आणि ते कुठे गेले यावर चांगली चर्चा होते. मग भाव. शेतकऱ्याला भाव क्विंटलने मिळतो, आपण घेतो डझनाने. समजा बागेत क्विंटलला 1500 रुपये, म्हणजे किलोला 15. एक केळं 150 ग्रॅमचं धरलं तर डझन 1.8 किलोचं, म्हणजे 27 रुपयांचं. दुकानात तेच डझन 50 ला मिळालं, तर मधले 23 रुपये कोणाकोणाला जातात? मुलं कापणीची मजुरी, भाडं, पिकवणी, नासधूस असे टप्पे मांडतात. दांड्याचं वजन मात्र सगळेच विसरतात, ते शिक्षकाने शेवटी काढावं. सहसा चूक होते ती अशी: वस्तू हाताळून झाल्या की मजा आली म्हणून तास संपवतात आणि आकडेमोड वहीत येतच नाही. वस्तू, मग तिचं चित्र, मग आकडे, या तिन्ही पायऱ्या त्याच दोन तासांत व्हायला हव्यात.

बुधवारी बागेची भेट. वर्गाबाहेरचा दिवस म्हटला की अर्ध्या शाळा सहल करतात. इथे मात्र प्रत्येक गटाच्या हातात एकच काम असावं. सकाळी साडेसातला निघून साडेदहापर्यंत परत, आठ मुलांमागे एक मोठं माणूस, आणि जुने कपडे घालून या असं घरी आदल्या दिवशी कळवायचं, कारण केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग निघत नाही.

एका गटाने झाडांमधलं अंतर मोजायचं. 5 बाय 5 फुटांवर लागवड असेल तर एका झाडाला 25 चौरस फूट, आणि एकर 43,560 चौरस फुटांचा, म्हणजे एकरी सुमारे 1740 झाडं. दुसऱ्या गटाने ड्रीपरखाली, म्हणजे ठिबकच्या नळीवरच्या थेंब-थेंब पाणी सोडणाऱ्या तोंडाखाली, मापाचा पेला धरायचा. ताशी 4 लिटरचा ड्रीपर तीन मिनिटांत 200 मिलिलिटर द्यायला हवा. नळीच्या सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही मोजायचे. शेवटचा अनेकदा कमी भरतो, कारण दाब कमी पडतो किंवा क्षारांनी तोंड बुजतं. तो फरक पाहिला की मुलं आपणहून पुढचा प्रश्न विचारतात, आणि आख्ख्या आठवड्यातला सगळ्यात खरा प्रश्न बहुधा तोच असतो. फक्त शेतीची वीज पाळीने येते, म्हणून आपण जाऊ तेव्हा मोटर चालू असेल का हे बागवाल्यांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावं. नाहीतर मुलं कोरड्या नळ्या बघून परत येतात.

तिसरा गट मुलाखत घेतो. ज्या मुलांच्या घरी अहिराणी किंवा लेवा बोली आहे त्यांना इथे पुढे करावं. वर्गात इंग्रजीत अडखळणारं मूल बांधावर बागवाल्या काकांशी सहज बोलतं आणि नवती (नवी लागवड), पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांपासूनची बाग), कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड), मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) असे शब्द अर्थासकट घेऊन येतं. आयबी मातृभाषेला महत्त्व देतं, पण शाळेच्या भिंतीवरच्या वाक्यांपेक्षा हे मुलाखतीत दिसतं. मुलाखतीचे प्रश्न सहाच ठेवा आणि 'हो-नाही'त संपणारे सगळे आधीच काढून टाका.

गुरुवारी आयोडीनची चाचणी. टिंक्चर आयोडीन औषधाच्या दुकानात मिळतं. एक भाग आयोडीन, दहा भाग पाणी. कच्च्या, अर्धवट पिकलेल्या आणि पिकलेल्या केळ्याच्या अर्ध्या सेंटीमीटरच्या चकत्या शिक्षकाने कापायच्या, प्रत्येकीवर दोन थेंब टाकून एक मिनिट थांबायचं. कच्ची चकती निळी-काळी पडते, कारण तिच्यात स्टार्च भरपूर असतो. पिकताना त्याची साखर होते, म्हणून पिकलेली फिकट राहते. आयोडीन पातळ केलं नाही तर सगळ्याच चकत्या काळ्या दिसतात. या चकत्या खायच्या नाहीत, हे तीन वेळा सांगावं. फ्रिजमधली केळीही आजच काढायची. साल काळपट झालेली दिसते, आणि मुलं लगेच 'सडली' असं लिहितात. सोलून आतला गर दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. तो पांढरा आणि घट्ट असतो. साधारण 13 अंशांच्या खाली केळीच्या सालीला थंडी बाधते, गर त्या मानाने टिकतो.

इंग्रजीचे तास आठवडाभर याच्याशी जोडलेले असतात: अहवाल कसा लिहायचा, शीर्षकं, नावं दिलेली आकृती, क्रम दाखवणारे शब्द. पहिला मसुदा, मग शेजाऱ्याने दोन चांगल्या गोष्टी आणि एक सूचना लिहायची, मग दुसरा मसुदा. इंटरनेटवरून उतरवलेला अहवाल टाळायला एकच नियम पुरतो: मुलाचा स्वतःचा मोजमापाचा तक्ता त्यात असलाच पाहिजे. चित्रकला, संगीत, खेळ, वाचनालय यांचे तास वेगळे असतात आणि त्यांना ओढूनताणून केळीशी जोडू नये. मराठीचं मात्र नक्की विचारा. 2020 च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात कोणत्याही बोर्डाच्या शाळेला मराठी शिकवणं बंधनकारक आहे. आठवड्यात किती तास आहेत आणि त्यात लिखाण किती होतं, दोन्ही विचारा.

पाढे, शुद्धलेखन आणि अक्षर या तीन गोष्टी अशा आठवड्यात सर्वाधिक मागे पडतात. चांगल्या शाळा त्यासाठी रोज 15-20 मिनिटं स्वतंत्र ठेवतात. 'उपक्रमातून आपोआप येतं' असं कुणी म्हणालं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

शुक्रवारी प्रत्येक मूल तीन ओळी लिहितं: माझं म्हणणं, त्याला पुरावा, आणि पुराव्यावरून असं का म्हणता येतं. सोमवारचा अंदाज खोडायचा नाही, त्याच्याच खाली नवा निष्कर्ष येतो. शिक्षक या तीन ओळींवर चार पातळ्यांत नोंद करतात, आणि पुढच्या सोमवारची आखणी त्यावर ठरते.

शाळा बघायला जाल तेव्हा प्रदर्शनाच्या दिवशी जाऊ नका. एखाद्या साध्या गुरुवारी, दुसऱ्या-तिसऱ्या तासाला वर्ग पाहू द्या असं सांगा. सगळ्यात हुशार नाही तर मधल्या मुलाच्या तीन वह्या मागा: गणित, इंग्रजी आणि युनिटची. तारखा सलग आहेत का, खाडाखोड आणि दुसरा मसुदा दिसतो का, शिक्षकांचा शेरा नुसता 'छान' आहे की पुढे काय करायचं ते सांगणारा आहे, आणि सगळ्या मुलांच्या वहीत तेच वाक्य तर नाही ना, एवढं पाहा. ताईंना किंवा सरांना विचारा की गेल्या युनिटमधला मुलांचा कोणता प्रश्न तुम्ही आखणीत घेतला. ज्यांनी घेतला असेल ते लगेच सांगतात.