१७१८ वर थांबू नकोस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचं टिपण, दोन्ही वाचलं. प्रबंधासाठी मुंबईच्या फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल निवडलंस याचा मनापासून आनंद झाला. टिपणाच्या पहिल्याच ओळीत ‘१७१८ साली बांधलेलं गॉथिक शैलीतलं चर्च’ असं लिहिलं आहेस. ती ओळ आधी काढून टाक. साल खरं आहे आणि गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींचा, भागही तिथे आहे, पण या दोन गोष्टींमध्ये जवळजवळ दीडशे वर्षांचं अंतर आहे. तुझा सगळा अभ्यास त्या अंतरातच आहे.

सुरुवात कर १६७६ पासून. मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे येऊन जेमतेम आठ वर्षं झाली होती. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरने चर्चचा पाया घातला आणि पुढच्याच वर्षी तो सुरतेत वारला. भिंती साधारण पंधरा फुटांवर आल्या आणि काम थांबलं ते चाळीस वर्षं. वर्गणी जमली होती, तिचंही पुढे काही झालं नाही. एवढा काळ इंग्रज किल्ल्यातल्या एका खोलीत प्रार्थना करत राहिले आणि गावाच्या मध्यावर त्या अर्धवट भिंती उन्हापावसात उभ्या होत्या. सत्तेचा दरारा, साम्राज्याची भव्यता वगैरे शब्द तुझ्या टिपणात बरेच आले आहेत. या काळाबद्दल लिहिताना ते वापरू नकोस. तेव्हाची मुंबईतली कंपनी पैशाने आणि माणसांनी तोकडीच होती. या शहरात माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी म्हण इंग्रजांमध्येच रूढ होती.

रिचर्ड कॉब हा पाद्री आला आणि त्याने १७१५ मध्ये चर्च पुरं करण्याचा विषय लावून धरला. गव्हर्नर चार्ल्स बून त्याच्या पाठीशी उभा राहिला. २५ डिसेंबर १७१८ रोजी, नाताळच्या दिवशी, चर्च उघडलं. आता इथे जरा रेंगाळ, कारण हा दिवस आपल्याकडच्या लिखाणात एका ओळीत उरकला जातो. त्या दिवशी बाहेर उभं राहून प्रार्थना पाहणाऱ्यांमध्ये रामा कामाती आपल्या मंडळींसह होता, असं खुद्द कॉबने लिहून ठेवलं आहे. कामाती मुंबईतला बडा व्यापारी, कंपनीच्या विश्वासातला. वाळकेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार त्यानेच केला, तोही १७१५ च्या सुमारास. म्हणजे एका टोकाला मलबार हिलवर देऊळ उभं राहत होतं, दुसऱ्या टोकाला कोटात चर्च, आणि दोन्हीकडे हाच माणूस दिसतो.

पण १७१८ मध्येच, नाताळच्या थोडं आधी, बूनचं आरमार खांदेरीच्या किल्ल्यावर चालून गेलं होतं आणि कान्होजी आंग्र्यांपुढे हात हलवत परतलं होतं. अपयशाचं खापर फोडायला कोणीतरी हवं होतं. १७२० मध्ये कामातीवर आंग्र्यांशी संधान बांधल्याचा खटला चालला. मालमत्ता जप्त, जन्मठेप. तो १७२८ मध्ये कैदेतच मेला. ज्या पत्रांवर खटला उभा होता ती बनावट असल्याचं पुढे निघालं. चर्चच्या दारात उभा असलेला हा माणूस तुझ्या प्रबंधात यायलाच हवा. त्याच्याशिवाय लिहिलेला या वास्तूचा इतिहास मला अपुरा वाटतो.

आता वास्तूकडे वळू. १७१८ चं चर्च साधं होतं आणि त्याला बुटका घंटाघराचा भाग होता. आज दिसतो तो उंच मनोरा आणि घड्याळ १८३८ चं. कारण सरळ आहे. १८३७ मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला, टॉमस कार हा पहिला. बिशपचं आसन आलं की चर्चचं कॅथेड्रल होतं, आणि कॅथेड्रल लांबून दिसावं लागतं. त्यानंतर १८६० च्या दशकात जेम्स ट्रबशॉने वेदीकडचा भाग, म्हणजे चॅन्सल, गॉथिक धाटणीत नव्याने बांधला. तुझ्या टिपणातलं गॉथिक मुख्यतः इथलं.

म्हणून आत गेल्यावर लगेच वेदीकडे जाऊ नकोस. मधल्या भागात उभं राहून दोन्हीकडच्या कमानी बघ, मग चॅन्सलच्या कमानी बघ. खांबांची जाडी, खिडक्यांचा आकार, भिंतीचा जाडपणा, सगळं वहीत टिपून घे. जुना भाग आणि नवा भाग जिथे भिडतात तो सांधा शोध. त्या सांध्याचं एक रेखाटन तुझ्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त सांगेल. मोबाइलमुळे आपण बघायच्या आधी टिपतो, म्हणून पहिल्या भेटीत तो पिशवीतच राहू दे.

बाहेरच्या कारंज्याला लोक वळसा घालून जातात. तू थांब. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा आणि पैसा कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराचा. विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहामागेही हीच जोडी आहे. स्कॉट हिंदुस्थानात कधी आलाच नाही, नकाशे विलायतेहून यायचे. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या सुळक्यालाही रेडीमनींनी पैसे दिले होते. ते चर्च जरूर पाहून ये. तिथला वास्तुरचनाकार हेन्री कॉनिबेअर, ज्याने विहार तलावाची पाणीयोजना आखली तोच. १८५८ मध्ये चर्च खुलं झालं आणि सुळका १८६५ मध्ये पुरा झाला. तिथेही एका सालाने भागत नाही.

भिंतीवरच्या स्मृतिशिलांना निदान एक पूर्ण सकाळ दे. नावं वाच, पण त्याहून वयं वाच. मग जोनाथन डंकनच्या स्मारकापाशी ये. हा १७९५ ते १८११ मुंबईचा गव्हर्नर होता. बनारस आणि काठेवाडात बालहत्या बंद केल्याचा उल्लेख दगडात कोरला आहे आणि हिंदू मुलं त्याला दुवा देताना दाखवली आहेत. डंकनने त्यासाठी खरोखर खटपट केली होती, ते श्रेय काढून घेऊ नकोस. पण शिल्प घडलं इंग्लंडमध्ये, जॉन बेकन धाकट्याच्या हातून. मुलांच्या चेहऱ्याकडे आणि कपड्यांकडे नीट बघ, म्हणजे आपण तिकडून कसे दिसत होतो ते कळेल.

शहराशी असलेलं नातं मात्र नकाशाशिवाय समजणार नाही. बूनच्या काळातल्या तटबंदीला तीन दरवाजे होते: अपोलो, बाजार आणि चर्च गेट. चर्च गेट होता आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी, स्टेशन तिथून बरंच पश्चिमेला आहे. तट १८६० च्या दशकात पाडला. बेटावरचे मैलाचे दगडही याच चर्चपासून मोजलेले. त्यांतले काही अलीकडे फुटपाथमध्ये अर्धेअधिक गाडलेले सापडले. त्यांच्या जागा नकाशावर मांडल्यास तर प्रबंधाला एक चांगलं प्रकरण मिळेल. जुन्या नकाशांसाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेख खात्यात जा, आणि अर्ज आधी करून ठेव.

दुरुस्तीवरचं तुझं प्रकरण मला सगळ्यात कच्चं वाटलं. या कॅथेड्रलच्या जतनाच्या कामाला २००४ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला, एवढं लिहून तू मोकळा होतोस. मुंबईच्या पावसात जुनी भिंत चुन्यामुळे तगते. चुन्याच्या गिलाव्यातून आतली ओल बाहेर पडते. वर सिमेंट थापलं की ती आतच कोंडते, क्षार फुगतात आणि शेवटी दगडाचाच पापुद्रा सुटतो. हे समजलं की कुठल्याही जुन्या इमारतीसमोर तुला योग्य प्रश्न सुचतील. परवानगी मिळाली तर गिलाव्यावर बोटाच्या पेराने हलकेच ठोकून बघ. बद्द आवाज आला तर तो आतून सुटला आहे. नखाने खरवडणं मात्र नाही, कोणी बघत नसलं तरी.

हे चालतं चर्च आहे, उत्तर भारत चर्चच्या अखत्यारीतलं. रविवारी सकाळी टेप घेऊन जाऊ नकोस. आठवड्यात जा, कार्यालयात आधी भेट आणि कॉलेजचं पत्र दाखव.

तळाचा आराखडा चार रंगांत काढ: १६७६ ते १७१८, १८३८, १८६० चं दशक आणि त्यानंतरचं. जिथे खात्री नसेल तिथला कागद पांढराच ठेव. दिवाळीच्या सुट्टीआधी झाला तर पाठव, मी मोजमापांसकट तपासून देतो.

तुझा,
सर