ज्याचा आवाज, त्याचा हात

प्रिय दोस्ता,

मेटल बँडचा शो शूट करायची तुझी सामानाची यादी मिळाली. चार कॅमेरे, हातातला कॅमेरा स्थिर धरणारा एक गिम्बल आणि वर ड्रोनचं भाडं. ड्रोन आजच काढून टाक. बंद हॉलमध्ये तीनशे माणसांच्या डोक्यावरून ते उडवायचं नसतं, आणि त्याच पैशात तुला आवाज रेकॉर्ड करणारा एक जाणकार माणूस मिळेल. कॅमेरे ठीक आहेत. मला काळजी वाटते ती यादीत नसलेल्या एका गोष्टीची. गाण्यांचे कागद कुठे आहेत?

मेटल बँडचा शो शूट करताना मी एकच प्रश्न धरून ठेवतो. आत्ता जे ऐकू येतंय ते कोण वाजवतंय, आणि तो हात पडद्यावर दिसतोय का? गायकाभोवती फिरणाऱ्या संगीतात गायकावर कॅमेरा ठेवला की बरंचसं निभावतं. मेटलमध्ये गाणं हातांत असतं. उजव्या तळव्यानं तारा दाबत वाजवणं, म्हणजे पाम म्यूटिंग, गिटारच्या गळ्यावर धावणारी डावी बोटं, ड्रमच्या पेडलवरचे दोन पाय. सोलो चालू असताना पडद्यावर गायक पाणी पिताना दिसला, तर ज्यानं ते वाजवायला अनेक वर्षं घातली त्याच्यावर अन्याय झाला. बघणाऱ्यांतले निम्मे स्वतः वाजवणारे असतात, त्यांना तो लगेच कळतो.

म्हणून शोच्या आधी निदान दोन रिहर्सलना जा. कोपऱ्यात ट्रायपॉडवर फोन लावून सगळा सेट, म्हणजे शोची सगळी गाणी, पूर्ण बँड दिसेल अशा एकाच वाइड शॉटमध्ये रेकॉर्ड कर. घरी बसून प्रत्येक गाण्याचा एक कागद कर: रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, कुठे बदलतो, पहिला सोलो कुणाचा, दुसरा कुणाचा, दोन्ही गिटार मिळून हार्मनी कुठे वाजवतात, बास एकटा कुठे राहतो, ड्रमचा ब्रेक कुठे येतो. तो कागद बँडला दाखव. ते दोन चुका काढतील, चार गोष्टी सांगतील. त्यातली एखादी अशी असेल की तुझ्या कानानं ती कधीच पकडली नसती. मग प्रत्येक कॅमेरावाल्याला त्याची प्रत दे. डावं-उजवं प्रेक्षकांच्या बाजूनं धरायचं हे आधीच ठरवून टाका, नाहीतर ऐन सोलोच्या वेळी दोन कॅमेरे एकाच माणसावर जातील.

हार्मनीचा तुकडा आला की दोघं गिटारवादक एकाच चौकटीत हवेत. एकदा हा, एकदा तो असे कट मारले की दोघं मिळून जे करतायत तेच हरवतं.

हे शिकायला आयर्न मेडन या ब्रिटिश मेटल बँडचे दोन शो लागोपाठ बघ. पहिला ‘लाइव्ह आफ्टर डेथ’, मार्च १९८५ मध्ये लाँग बीच अरीनात चित्रित झालेला, दिग्दर्शक जिम युकिच. दुसरा ‘रॉक इन रिओ’, १९ जानेवारी २००१ चा. पहिल्यात दोन गिटार आहेत आणि कॅमेरा माणसाजवळ थांबतो. दुसऱ्यात डेव्ह मरी, एड्रियन स्मिथ आणि यानिक गर्स असे तिघं गिटारवादक आहेत, समोर अफाट गर्दी आहे, आणि संकलन बासवादक स्टीव्ह हॅरिसनं स्वतः केलंय. बँडमधलाच माणूस संकलनाच्या टेबलावर बसल्यामुळे कोण काय वाजवतंय याचं भान त्यात पक्कं आहे. तरीही मला त्यातले कट बऱ्याच ठिकाणी घाईचे वाटतात. हात दिसतो, पण नजर त्यावर बसायच्या आत जातो. दोन्ही शो आवाज बंद करून बघ आणि कुठला वादक कुठल्या क्षणी वाजवतोय ते नुसत्या चित्रावरून ओळखायचा प्रयत्न कर. या अभ्यासानं तू जितकं शिकशील तितकं मी पत्रातून शिकवू शकणार नाही.

आता जागा. एक कॅमेरा हॉलच्या मागच्या साउंड कन्सोलच्या (आवाजाच्या मिक्सरच्या) शेजारी, पूर्ण स्टेज घेणारा. सुरू केल्यावर त्याला शेवटपर्यंत कुणी हात लावायचा नाही. बाकी सगळं फसलं तरी तो तुझा शो वाचवतो. जुन्या डीएसएलआरपैकी बरेच २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतात, तेव्हा या जागेसाठी न थांबणारा कॅमेरा घे. लाकडी प्लॅटफॉर्मवर ट्रायपॉड ठेवू नकोस. पब्लिक उड्या मारायला लागलं की सगळी फ्रेम थरथरते, पक्की जमीनच हवी. दुसरा कॅमेरा डावीकडून, तिसरा उजवीकडून, दोघंही कंबरेच्या उंचीवर, म्हणजे बोटं आणि चेहरा एकत्र मिळतात. चौथा ड्रमरसाठी. बहुतेक व्हिडिओंत ड्रमरचे हात दिसतात, पाय दिसत नाहीत, आणि डबल किक, म्हणजे दोन पायांनी वाजवलेला मोठा ड्रम, तर पायांतच आहे. कुणाकडून तरी एक छोटा अ‍ॅक्शन कॅमेरा मागून घे आणि पेडलच्या बाजूला वेगळ्या स्टँडवर लाव. ड्रमच्या स्टँडलाच चिकटवलास तर प्रत्येक ठोक्याला चित्र हादरेल.

स्टेजसमोरच्या पिटमधल्या कॅमेरावाल्याला इअरप्लग दे. स्वतःही घाल. यात हयगय नको, कान परत मिळत नाहीत.

लाइटवाल्याशी आधी बोल, आणि मैत्रीनं बोल. बँडला काळोख, धूर आणि लाल प्रकाश हवा असतो, आणि तो हवाच. पण नुसत्या गडद लाल एलईडीखाली चेहरा एक सपाट लाल डाग होतो, फोकससुद्धा कळत नाही. त्याला सांग, समोरून थोडासा पांढरा प्रकाश राहू दे, हॉलमधल्या माणसाला जाणवणारही नाही इतका कमी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, तेव्हा सगळे कॅमेरे २५ फ्रेम आणि १/५० शटरवर ठेव. एकानं जरी ३० वर शूट केलं तरी दिव्यांचे पट्टे आणि संकलनातली डोकेदुखी दोन्ही तुझ्या वाट्याला येतील. मागे एलईडी वॉल असेल तर शोआधीच्या आवाजाच्या चाचणीत, म्हणजे साउंडचेकलाच तपासून घे. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स हातानं ठरवून बांधून टाक. ऑटोवर सोडलेला कॅमेरा प्रत्येक स्ट्रोबला, म्हणजे झपझप लुकलुकणाऱ्या दिव्याला, दचकतो. स्ट्रोबमध्ये अर्धी फ्रेम उजळ आणि अर्धी काळी असे तुकडे येणारच, सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो म्हणून. ते दोष समजू नकोस, फक्त महत्त्वाच्या क्लोजअपवर येऊ देऊ नकोस.

आवाजावर मात्र मी जास्त बोलणार आहे. बघणारा हलतं चित्र माफ करतो, पोकळ आवाज करत नाही.

साउंडवाल्याकडून मास्टर आउट, म्हणजे कन्सोलमधून सगळे आवाज मिसळून येणारं स्टिरिओ, घेतलं की काम झालं असं तुला कुणीतरी सांगितलंय, ते मनातून काढ. छोट्या हॉलमध्ये गिटारचे अँप आणि ड्रम स्टेजवरूनच इतके जोरात असतात की कन्सोलमधून त्यांना फारसं वर घ्यावंच लागत नाही. त्यामुळे त्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गायक कानात ओरडतो आणि गिटार शेजारच्या खोलीत वाजल्यासारखी येते. तुला प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक हवा. बऱ्याच ठिकाणी एक्स३२ किंवा एम३२ हा डिजिटल मिक्सर असतो, त्यातून यूएसबीवर ३२ ट्रॅक थेट लॅपटॉपमध्ये येतात. ४८ किलोहर्ट्झ ठेव, व्हिडिओचा हिशेब त्यावरच चालतो. पातळी अशी ठेव की सर्वांत मोठ्या किंकाळीलाही ट्रॅक फाटणार नाही. साउंडचेकला बँड हातचं राखून वाजवतो, शोमध्ये नाही. आणि मास्टर आउटही वेगळ्या रेकॉर्डरवर घेऊन ठेव, लॅपटॉप बंद पडला तर तेवढं तरी हातात राहील.

दोन माइक स्टेजच्या दोन टोकांना, तोंड प्रेक्षकांकडे. ते नसतील तर तुझा शो तालमीच्या खोलीतला वाटेल. तीनशे माणसं एकसाथ ‘हे, हे’ करतात तो आवाज नंतर कुठूनही आणता येत नाही.

कन्सोलजवळच्या कॅमेऱ्याचा एक बारकावा सांगतो, कारण तो बऱ्याच जणांना उशिरा कळतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. स्टेजपासून २० मीटरवर उभ्या कॅमेऱ्याच्या माइकला तो सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबात जवळजवळ दीड फ्रेम. तू त्या कॅमेऱ्याचा आवाज लॅपटॉपमधल्या वेगवेगळ्या माइकच्या ट्रॅकशी जुळवलास की चित्र तेवढंच पुढे सरकतं, आणि ड्रमरची काठी आवाजाच्या आधी पडताना दिसते. तेव्हा सॉफ्टवेअरच्या आपोआप जुळवणीवर थांबू नकोस. प्रत्येक कॅमेऱ्यात स्नेअर ड्रमवर पडणारी काठी बघून डोळ्यानं जुळव. गाण्याच्या शेवटी पुन्हा तपास, कारण प्रत्येक उपकरणाचं घड्याळ थोडं वेगळं चालतं.

मिक्स होताना बँड म्हणेल, हा सोलो चुकलाय, घरी परत वाजवून देतो. ही प्रथा जुनी आहे. जूडस प्रीस्ट या ब्रिटिश मेटल बँडचा १९७९ चा ‘अनलीश्ड इन द ईस्ट’ टोकियोतला लाइव्ह अल्बम, पण त्यातलं काही गायन नंतर स्टुडिओत पुन्हा केल्याचं त्यांचा गायक रॉब हॅलफर्डनं पुढे मान्य केलं. मी सुरांच्या किरकोळ दुरुस्तीला हरकत घेत नाही. पण तुझ्याकडे व्हिडिओ आहे. पडद्यावर बोट गिटारच्या गळ्यावरच्या बाराव्या पट्टीवर (फ्रेटवर) आणि कानात पंधराव्याचा सूर, हे गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. माझं मत विचारशील तर चुकलेला सूर राहू दे. त्या रात्री तो असाच वाजला.

संकलनात मोह वेगाचा पडेल. मिनिटाला २०० बीटच्या गाण्यात एका बीटला चार ठोके धरले तर डबल किक सेकंदाला तेराहून जास्त ठोके मारते. तुझ्याकडे सेकंदाला फ्रेम आहेत पंचवीस. कट मारून त्या वेगाला कधीच गाठता येणार नाही, आणि गाठायचं कारणही नाही. वेग वादक आणतो, तू त्याला नीट दिसू दे. ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा अतिवेगवान मारा, चालू असताना ड्रमरवर आठ सेकंद थांबून बघ. छाती भरून येते. कट घ्यायचा तो रिफ बदलताना, कागदावर तू आधीच लिहून ठेवलेल्या जागांवर. डूम या संथ मेटल प्रकारातल्या गाण्यात तर अर्धं गाणं दोन शॉटमध्ये गेलं तरी चालेल.

प्रेक्षकांचे शॉट भरपूर घे. आयर्न मेडनच्याच ‘फ्लाइट ६६६’ या चित्रपटाच्या कॉन्सर्टच्या भागात प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे, आणि पहिलंच, ‘एसेस हाय’, आपल्या मुंबईतलं, १ फेब्रुवारी २००८ चं बीकेसीतलं. स्टेज सगळीकडे तेच, सेट तोच. गाव बदललेलं कळतं ते समोरच्या चेहऱ्यांवरून. तुझ्या हॉलमध्येही पहिल्या रांगेत कॉलेज बुडवून आलेली पोरं असतील, मागे भिंतीला टेकून हात बांधून उभे असलेले जुने लोक असतील. तेही त्या शोचे आहेत. दारावर मात्र ‘इथे चित्रीकरण चालू आहे’ अशी पाटी लाव, आणि कुणी नको म्हटलं तर त्याचा शॉट काढ.

आता कंटाळवाणं पण टाळता न येणारं. बँड शेवटी एका मोठ्या परदेशी बँडचं गाणं वाजवणार आहे म्हणतोस. वाजवू दे, शूटही कर, पण प्रकाशित करायच्या यादीत धरू नकोस. हॉलनं सादरीकरणाचा परवाना घेतला असला तरी तो व्हिडिओला लागू होत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यातलं कव्हर व्हर्जनचं कलम ३१सी फक्त ध्वनिमुद्रणापुरतं आहे, चित्राबरोबर ते गाणं द्यायचं तर प्रकाशकाची परवानगी लागते. आणि बँडमधल्या प्रत्येकाशी एका पानाचा लेखी करार कर: फुटेज कुणाचं, पैसे आले तर कसे वाटायचे, कुणी बँड सोडला तर काय. मैत्री आहे तोवरच हे लिहून होतं.

प्रकाशित करताना पूर्ण शो एकदम टाकू नका. एक गाणं आधी, जे सर्वांत नीट वाजलंय ते. बँडचं सर्वांत प्रसिद्ध गाणंच पहिलं हवं असा हट्ट ते करतील, तू टेबलावर बसून बघितलंयस, तुझं मत ठामपणे सांग. धूर आणि स्ट्रोब यूट्यूबच्या कॉम्प्रेशनमध्ये चौकोनांत फुटतात, म्हणून १०८० मधलं कामही ४के करून चढव, त्याला जास्त डेटा मिळतो. सुरुवातीला चमकत्या प्रकाशाची सूचना घाल, अपस्माराचा त्रास असलेल्यांसाठी ती खरोखर गरजेची आहे. मिक्स फोनच्या स्पीकरवरही ऐक. तिथे बास नाहीसा होतो, मग बासवादक विचारेल मी कुठे आहे.

आणि मूळ फुटेज, सगळे ट्रॅक, दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. एक प्रत बँडकडे. हे मी कळवळून सांगतोय. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव कितीतरी वर्षं मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात व्हायचा. तिथे कोण कोण वाजवून गेलं! पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांत ते खुलं नाट्यगृहच अशा गाण्याला बंद झालं. त्या बँडचं जे चित्रीकरण माझ्या पाहण्यात आलं ते बहुतेक कुणाच्या तरी हँडीकॅमवरचं, डळमळतं, आवाज फाटलेला. काय वाजवायची ती मंडळी, हे आज वीस वर्षांच्या पोराला दाखवायचं म्हटलं तर माझ्याकडे दाखवायला फारसं काही नाही. तुझ्या बँडच्या बाबतीत ते होऊ देऊ नकोस.

पुढच्या आठवड्यात रिहर्सल आहे ना? तिथून आलास की कागद पाठव, निदान पहिल्या तीन गाण्यांचे. सोलोंच्या जागा मी बघून देतो. हॉलवाल्याला हेही विचार की शो दहाच्या आत संपवायचा असेल तर साउंडचेकला नक्की किती वेळ देणार. दोन तासांपेक्षा कमी म्हणाला तर मला फोन कर, कॅमेऱ्यांच्या जागा आदल्या दिवशी जाऊन ठरवू.

तुझा,
दादा