विल्सन: एक आडनाव, अनेक घराणी

प्रश्न असा आला आहे: गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज आणि भंडारदऱ्याचं विल्सन धरण एकाच माणसाच्या नावाने आहे का? आणि इतके नामवंत विल्सन आले कुठून?

दोघे वेगळे. कॉलेजचे विल्सन म्हणजे मिशनरी डॉ. जॉन विल्सन, स्कॉटलंडमधल्या लॉडर गावचे. १८२९ साली ते मुंबईत आले, १८३२ मध्ये त्यांनी शाळा काढली आणि तिचंच पुढे कॉलेज झालं. प्रवरेवरचं धरण १९२६ साली पुरं झालं, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते सर लेस्ली विल्सन. जॉन विल्सन १८७५ मध्ये मुंबईतच वारले. लेस्ली यांचा जन्म १८७६ चा.

यातल्या जॉन विल्सनांचं मराठीवर ऋण आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत मराठीची घडण आणि तिचा प्रसार यांवर जे विस्तृत टिपण आहे, ते त्यांचं. आपण कोश उघडतो तो थेट शब्द शोधायला, त्यामुळे ही पानं वाचायची राहून जातात. जरूर वाचा.

आता आडनाव. विठ्ठलाचा विठू होतो तसं विल्यमचं विल, आणि विलचा मुलगा तो विल्सन. विल्यम हे नाव १०६६ नंतर नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडमध्ये रुजलं आणि पुढची काही शतकं घरोघरी ठेवलं गेलं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं आणि दर पिढीला बदलतं. तिकडे ते मध्ययुगात कधीतरी गोठलं, नातवा-पणतवांनाही तेच चिकटलं. म्हणजे गावोगावच्या वेगवेगळ्या विलच्या वंशजांचं आडनाव एकच झालं. त्यावरून नातं काढायला जाऊ नये.

‘सन’ लावायची रीत उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सखल भागात जास्त. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यॉर्कशरचे. १८६० मध्ये हिंदुस्थानचं पहिलं अंदाजपत्रक मांडून प्राप्तिकर आणणारे जेम्स विल्सन स्कॉटलंडमधल्या हॉइकचे. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे आजोबा उत्तर आयर्लंडमधून गेलेले, आणि त्या भागात स्कॉटिश लोकांची वस्ती मोठी.

पण मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते संस्कृतच्या अभ्यासातलं. १७८५ मध्ये गीतेचं इंग्रजी भाषांतर करणारे चार्ल्स विल्किन्स. १८१३ मध्ये मेघदूत इंग्रजीत आणणारे आणि १८१९ मध्ये संस्कृत-इंग्रजी कोश काढणारे होरेस हेमन विल्सन. आणि ज्यांचा कोश आजही आपल्या टेबलावर असतो ते मोनियर विल्यम्स, जन्म मुंबईचा, १८१९. विल्किन्समध्ये विलचं लाडकं रूप आहे, विल्यम्समधला शेवटचा ‘स’ म्हणजे आपला ‘चा’. तिन्ही आडनावांच्या मुळाशी विल्यमच.

ऑक्सफर्डमध्ये संस्कृतचं बोडेन अध्यासन स्थापन झालं तेव्हा पहिले प्राध्यापक हे होरेस विल्सन झाले, १८३२ मध्ये. १८६० मध्ये ते वारले आणि त्या जागेसाठी निवडणूक झाली. उमेदवार होते मॅक्स म्युलर आणि मोनियर विल्यम्स. निवडून आले विल्यम्स.