माणसं वाचवली, होडी बुडाली. नोटीस स्वयंसेवकाच्या नावाने

प्रश्न: मी सागरी बचाव करणाऱ्या सेवाभावी संस्थेत स्वयंसेवक आहे. इंजिन बंद पडलेल्या सात मीटरच्या शिडाच्या होडीवरून आम्ही मालकासह दोघांना उतरवून घेतलं. नंतर होडी ओढून आणताना तिचा पुढचा क्लीट (दोर बांधायचा खुंटा) उपटला, पाणी शिरलं आणि ती बुडाली. सुकाणू माझ्याकडे होतं. आता मालकाने माझ्याच नावे भरपाईची नोटीस पाठवली आहे.

उत्तर: मालकाशी फोनवरही बोलू नका. ‘वाईट वाटतं, वेग जरा जास्त झाला’ हे माणुसकीने लिहिलेलं वाक्य पुढे कबुली म्हणून वाचलं जातं. नोटीस आजच लेखी स्वरूपात संस्थेला द्या. संस्थेच्या दायित्व विम्यात स्वयंसेवक येतात का, ते पाहा. येत असतील तर विमा कंपनीला ताबडतोब कळवायला लावा. उशीर झाला तर त्याच कारणाने दावा नाकारला जाऊ शकतो. उत्तर वकिलामार्फतच जाऊ द्या.

कायदा तुमची दोन कामं वेगळी पाहतो. माणसं वाचवणं हे कर्तव्यच (साल्व्हेज म्हणजे संकटातलं जहाज किंवा माल वाचवणं; त्याबद्दलच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम १०), त्याबद्दल तुम्हाला कोणी दोष देत नाही. होडी ओढणं ऐच्छिक होतं, आणि एकदा हाती घेतल्यावर कलम ८ प्रमाणे योग्य काळजी घेणं आलं. हेतू चांगला होता, एवढ्यावर सुटका होत नाही. ‘तोजो मारू’ या तेलवाहू जहाजाच्या खटल्यात (१९७१) गॅस न काढलेल्या टाकीत साल्व्हेज कंपनीच्या पाणबुड्याने बोल्ट मारला, स्फोट झाला आणि कंपनी जबाबदार ठरली. पण ती व्यावसायिक कंपनी होती. संकटात धावून गेलेल्या स्वयंसेवकाकडे न्यायालयं जास्त समजुतीने पाहतात, आणि ते रास्तच आहे.

वाद बहुधा वेगावर होईल. एवढ्या होडीला सुमारे सहा नॉटच्या (तासाला साधारण अकरा किलोमीटर) पुढे ओढलं की दोरावरचा ताण झपाट्याने चढतो. तेव्हा प्लॉटरमधला (बोटीवरच्या नकाशायंत्रातला) मार्ग आजच उतरवून घ्या, नव्या नोंदींनी तो पुसला जातो. बचाव समन्वय केंद्रातलं रेडिओ ध्वनिमुद्रण कायम राहत नाही. ते जपून ठेवावं असं पत्र संस्थेने लगेच पाठवावं. मालकाने ओढायला होकार दिला असेल तर तो त्यात सापडू शकतो. दोर धुऊ नका, विकू नका. क्लीट दोराला अडकून आला असेल तर तो सर्वांत मोलाचा: त्याखाली आधारपट्टी नव्हती किंवा लाकूड कुजलं होतं, तर ते त्यावरूनच दिसेल आणि मग प्रश्न मालकाच्या देखभालीचा होतो. दोर एकाच क्लीटला होता की दोन्हींना विभागून, हे प्रत्येक सहकाऱ्याने आपापसात न बोलता लिहून सही करावी.

साल्व्हेजचा मोबदला मागून उलटा दावा करायचा विचार सोडा. होडी वाचली नाही, म्हणून मोबदला नाही. आणि जीव वाचवल्याबद्दल वाचलेल्यांकडून काही घेता येत नाही (कलम १६).

संस्था नोंदणीकृत आहे का, हेही विचारा. नसेल तर सभासदांवर वैयक्तिक जबाबदारी येण्याचा धोका वाढतो. शिवाय मालकाकडे होडीच्या विम्याची कागदपत्रं आणि शेवटचा तपासणी अहवाल वकिलामार्फत मागा. त्याला विम्याचे पैसे मिळाले असतील, तर नोटिशीमागे खरा दावेदार त्याची विमा कंपनी असू शकते.