मुलांच्या घरात कोणतं मांजर आणावं?

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका ताईंचं पत्र आलंय. दोन वर्षांसाठी त्या पुण्यात, कोथरूडला सासरी राहायला येणार आहेत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा. तिकडच्या मैत्रिणी सुटणार म्हणून लेक रडायला लागली, तेव्हा ताईंनी 'पुण्यात गेलो की मांजर आणू' असं कबूल करून टाकलं. लेकीला पांढरंशुभ्र पर्शियन पिल्लू हवंय. सासू-सासरे पक्के शाकाहारी.

ताई, आधी पर्शियनबद्दल सांगते. स्वभावानं ते शांत असतं, हे खरं. पण त्याचे केस रोज विंचरावे लागतात, नाहीतर काखेत आणि पोटाखाली गाठी होतात. डोळे गळत राहतात, ते पुसावे लागतात. चपट्या नाकामुळे पुण्याचा एप्रिल-मे त्याला जड जातो. नव्या शाळेत रुळू पाहणाऱ्या मुलीकडून हे रोज होणार नाही; सगळं तुमच्यावर येईल.

माझं ऐकाल तर दोन-तीन वर्षांचं, नसबंदी झालेलं गावठी मांजर आणा. माणसांची सवय मांजराला लागते ती मुख्यतः वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात. त्या दिवसांत ज्याला माणसांचे हात लागले, घरातले आवाज कानावर पडले, ते पुढे मुलांत सहज वावरतं. पिल्लाकडे बघून हे नीट ओळखता येत नाही, मोठ्या मांजराचा स्वभाव मात्र समोर दिसतो. शिवाय चार वर्षांचं मूल प्रेमानं आवळतं आणि पिल्लू घाबरून बोचकारतं. दोघांनाही इजा होते.

आमची तिरंगी भाटी सहकारनगरच्या एका बाईंकडून आणली. रस्त्यावरची मांजरं त्या घरी सांभाळतात. तेव्हा त्यांच्याकडे तीन होती. माझा मुलगा पाच वर्षांचा. खाऊ खाताना त्याच्या हातून स्टीलची ताटली फरशीवर पडली. बोका थेट कपाटावर. करडी पलंगाखाली गेली ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. तिरंगीही दचकली, दोन पावलं मागे सरली, कान टवकारले आणि मग पुढे येऊन ताटली हुंगू लागली. आम्ही तिलाच घरी आणली. दचकणार तर प्रत्येक मांजर. दचकून किती लवकर सावरतं, ते बघा. म्हणून मुलांना घेऊनच बघायला जा, आणि एकदा नाही, दोनदा जा. जमिनीवर बसा, हाका मारू नका. कोण आपणहून जवळ येतं, उचलल्यावर अंग सैल सोडतं की ताठ होतं, पंजाला हात लावला तर काय करतं, हे पाहा. रंग शेवटी.

सासूबाईंशी एक गोष्ट आधीच बोलून घ्या. मांजर वरणभात किंवा दूधपोळीवर जगत नाही. त्याला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं आणि ते मुख्यतः मांस-मासळीतून मिळतं; ते कमी पडलं की डोळे आणि हृदय बिघडतं. दूध तर बहुतेक मोठ्या मांजरांना पचतही नाही. बाजारात मिळणारं मांजरांचं कोरडं खाणं आणून त्याची वाटी स्वयंपाकघराबाहेर ठेवली, तर शाकाहारी घरातही निभतं. पण त्यांच्या मनाविरुद्ध करू नका. तुम्ही कामावर गेल्यावर मांजराशी त्यांचीच गाठ आहे.

घरात मांजर येण्याआधी बाल्कनीची कबुतरजाळी हातानं ओढून बघा. फुलदाणीत लिली नको, तिचे परागसुद्धा मांजराच्या किडन्या निकामी करतात. आणि पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, एक गोळी जीव घेऊ शकते.

तुमच्या मुलांसाठी मला सगळ्यात काळजी वाटते ती रस्त्यावरच्या मांजरांची. इंग्लंडमध्ये पाळीव प्राण्यांत रेबीज नाही, त्यामुळे दिसेल त्या मांजराला कुरवाळायची त्यांना सवय असेल. इथे ती मोडावी लागेल. बोचकारलं किंवा चावलं तर लपवायचं नाही, कुणी रागावणार नाही, हे चार वर्षांच्यालाही कळेल असं पुन्हा पुन्हा सांगा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घरचं मांजर असलं तरीही.

राहिला परतीचा प्रश्न. मांजर पंधरा वर्षं सहज जगतं, तुम्ही दोनच वर्षं इथे आहात. ते सासूबाईंकडे राहणार की तुमच्याबरोबर येणार, हे आणण्याआधीच ठरवा. इंग्लंडला न्यायचं असेल तर आधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची बारीक चिप), मग रेबीजची लस, त्यानंतर किमान तीस दिवसांनी रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. यातच चार महिने जातात, म्हणून हाताशी थोडा वेळ ठेवून निघण्याच्या सहा महिने आधी सुरुवात हवी. मोठं मांजर घ्याल तेव्हा त्याला लस बहुधा टोचलेली असेल, पण चिप नसेल. चिपच्या आधीची लस धरत नाहीत, ती पुन्हा टोचून घ्यावी लागते.