डीएनए सेन्सर शिकायचाय, पण जीवशास्त्र कधीच सुटलंय

प्रश्न : मी रसायनशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. डीएनए वापरून अन्नातली भेसळ पकडणाऱ्या इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरवर एक व्याख्यान ऐकलं, तेव्हापासून तेच डोक्यात आहे. बाबा म्हणतात, डीएनए म्हणजे जीवशास्त्र, ते तू शाळेतच सोडलंस, तिथे तुझा निभाव लागणार नाही. खरंच उशीर झालाय का?

उत्तर : अजिबात नाही. या सेन्सरचं निम्मंअधिक काम तुझ्याच विषयातलं आहे. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनएचा एक छोटा, एकेरी धागा बसवतात. त्याच्या टोकाला गंधक असतं, ते सोन्याला घट्ट धरतं. नमुन्यात त्याचा जोडीदार धागा असला की दोघं जुळतात आणि प्रवाह बदलतो. तो बदल मोजायचा. डीएनए पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर प्रतिसाद देतो, हे एमिल पालेचेक यांनी १९६० मध्येच दाखवलं होतं. जीवशास्त्र लागतं, पण ते सहा महिन्यांत हाताखालून जाईल एवढंच: डीएनए वेगळा काढणं, पीसीआर (म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणं), आणि प्रोबची, म्हणजे सोन्यावर बसवायच्या त्या एकेरी धाग्याची, रचना.

खरी गोम वेगळीच आहे. व्याख्यानातला तो सुबक आलेख बहुधा स्वच्छ बफरमधला, म्हणजे ठरावीक आम्लतेच्या साध्या द्रावणातला असतो. अन्न तसं नसतं. चरबी आणि प्रथिनं सोन्यावर जाऊन बसतात, शिजवताना डीएनएचे तुकडे होतात, रिफाइंड तेलात तर तो जवळपास उरतच नाही. साल्मोनेला या रोगजंतूचं बघ. २५ ग्रॅम नमुन्यात एकही जंतू चालत नाही, म्हणून आधी जंतू वाढवावे लागतात, त्यातच बराच वेळ जातो. शिवाय डीएनए मेलेल्या जंतूचाही सापडतो. ‘काही मिनिटांत निकाल’ असं कुणी म्हटलं, तर ती मिनिटं नेमकी कुठून मोजली ते विचारायचं. (व्याख्यात्याला हा प्रश्न सहसा आवडत नाही.)

२०१३ मध्ये आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोमांसाच्या २७ बर्गरपैकी १० मध्ये घोड्याचा डीएनए सापडल्याचं जाहीर केलं. ही तपासणी प्रयोगशाळेतली होती. तेच काम गोदामाच्या दारात, हातातल्या यंत्रावर व्हावं, यासाठी सेन्सरची सगळी धडपड आहे. पण दूध गाईचं की शेळीचं हे सांगणाऱ्या डीएनएला त्यात पाणी घातलंय याचा पत्ताही लागत नाही. बुरशीच्या विषासाठी ॲप्टामर, म्हणजे विशिष्ट रेणूला घट्ट पकडणारे डीएनएचे धागे, वापरतात. तुझ्यासारखीला तो भाग जास्त रुचेल असं वाटतं.

आत्ता काय करशील? कॉलेजमधला एक सोन्याचा इलेक्ट्रोड माग. ओल्या कापडावर ॲल्युमिनाची पूड टाकून इंग्रजी आठाच्या आकारात घास, धू, आणि पोटॅशियम फेरीसायनाइडमध्ये सायक्लिक व्होल्टामोग्राम, म्हणजे विद्युतदाब पुढे-मागे फिरवताना प्रवाह कसा बदलतो त्याचा आलेख, काढ. दोन शिखरांमधलं अंतर आदर्श स्थितीत ५९ मिलिव्होल्ट. सत्तर-ऐंशी आलं तरी चालेल. दीडशे आलं तर पुन्हा घास. डोळ्याला आरसा दिसणारं सोनंही मळकं असतं, हे मी माझ्या प्रयोगशाळेच्या दिवसांत दोन आठवडे वाया घालवून शिकलो. याचा कंटाळा आला नाही, तर हे क्षेत्र तुझं.

नोकरीचं सरळ सांगतो. ‘डीएनए सेन्सर’ अशा नावाच्या जागा मोजक्याच, त्याही बहुतेक संशोधनात. पोट भरतं ते अन्नचाचणी प्रयोगशाळांत, उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांत आणि चाचणीपद्धती प्रमाणित करण्याच्या कामात. तिथे पीसीआर येणारा रसायनशास्त्रज्ञ हवा असतो. बाबांना हे वाक्य वाचून दाखव.

पदव्युत्तर शिक्षणासाठी मार्गदर्शक निवडताना एकच विचार: तुमचा सेन्सर खऱ्या अन्नाच्या नमुन्यावर चालवलाय का, आणि तो निकाल पीसीआरशी ताडून पाहिलाय का? उत्तर गोलमाल आलं, तर आभार मानून पुढच्या प्रयोगशाळेचं दार वाजव.